इंजिन गेलं सातासमुद्रापार

मी एक जुनी रबरी होडी आहे. मित्रांनो, होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तळं आणि सहल आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी फौजेची होडी आहे, पुरातून माणसं काढणारी.

माझं सारं आयुष्य भोपाळच्या छावणीत गेलं. अंगावर ठिगळं आहेत, पण हवा अजून घट्ट धरते. इंजिन आणि मी अशी आमची जोडी. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत दोघांना एकाच ताटातलं हळदकुंकू लागायचं. इंजिन भारी लहरी! हवालदार जयंतदादांखेरीज कुणाचं ऐकत नसे, आणि तरी कौतुक सगळं त्याचंच.

गेल्या वर्षी तुकडीला शांतिसेनेत आफ्रिकेला जायचा हुकूम आला. तिथेही पूर, तिथेही अडकलेली माणसं. जाणं योग्यच होतं. चांगलं ते सामान निवडून शांतिसेनेच्या रिवाजाप्रमाणे पांढरं रंगवलं आणि पेट्यांत भरलं. इंजिन गेलं, जयंतदादा गेले. मला ठिगळांमुळे वगळलं. राग आला मला, खोटं कशाला बोलू?

मागे राहिलेल्यांना वाटलं, वेळ पडली तर शेजारच्या तुकडीकडे इंजिन आहेच. शेजारच्यांना वाटलं, यांच्याकडे एखादं उरलंच असेल. विचारलं कुणीच नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत झाली.

यंदा ऑगस्टमध्ये भोपाळमधल्याच अयोध्या नगरजवळचा नाला फुगला आणि घरांत पाणी शिरलं. तिथेच जयंतदादांचे आईवडील राहतात. वडील भालचंद्रकाका फुप्फुसाच्या आजारामुळे घरीच ऑक्सिजनवर असत. वीज गेल्याने यंत्र बंद पडलं आणि जवळचं एकुलतं सिलिंडर संपत आलं. नलिनीकाकूंचा फोन येताच आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी मला फुगवलं. नाईक अभिजीत आणि त्याचे साथीदार जीव तोडून वल्ही मारत होते, पण प्रवाह मला पुन्हा पुन्हा मागे लोटत होता. शेवटी खांबाखांबाला दोर बांधून मला ओढत नेलं. इंजिन असतं तर चहा निवायच्या आत पोचलो असतो. आम्हाला अख्खी दुपार लागली.

"अभिजीत, अरे इंजिन कुठंय?" काकू गच्चीवरून ओरडल्या.

"काकू, ते जयंतदादाबरोबर गेलंय."

काकांना माझ्यात निजवलं, तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता. डॉक्टरांनी रस्त्यावरच तपासून मान हलवली. मला फार वाईट वाटलं.

काकू माझ्या काठावर बसून राहिल्या. तेवढ्यात जयंतदादांचा फोन आला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"आई, आज इकडे अख्खं गाव बाहेर काढलं बघ. बाबा कसे आहेत?"

"सगळी वाचली का रे?"

"सगळी."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी जयंतदादांना बाबांचं सांगितलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होऊन असे हुकूम काढेल. परक्याच्या पुरात जरूर धावून जा, काकूही नको म्हणणार नाहीत. पण निघण्याआधी मागे इंजिन कुणाकडे आहे आणि ते चालवणार कोण, एवढं शेजारी जाऊन स्वतः बघून या.