गंज खरवडायचा रविवार

ट्रॅक्टरमागची ट्रॉली नवी घ्यायची, यावर तुळशीदास आप्पांच्या घरात कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते ती लोखंडाची घ्यायची का जर्मलची, यावर. जर्मल म्हणजे आपलं ॲल्युमिनियम हो, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पातेल्यांचं. पण पातेलं वेगळं आणि ट्रॉली वेगळी, असं आप्पांचं म्हणणं.

डिंभ्याच्या धरणाशेजारी राहायचं म्हणजे गंजाशी सोयरीक जोडून राहायचं. पावसाळाभर धुकं दार न वाजवता घरात शिरतं. काडेपेटी पेटत नाही, चादरी वाळत नाहीत, आणि अंगणातलं लोखंड तर कायम घामेजलेलं. त्यात आप्पांचा पोरगा संघर्ष धरणातली मासळी बर्फात घालून घोडेगावला पोचवायचा. त्या बर्फाचं पाणी झिरपून झिरपून ट्रॉलीचा तळ पार कुजत आला होता.

"आप्पा, हितल्या हवेत लोखंड टिकायचं नाय," संघर्ष म्हणायचा. "जर्मल गंजत नाय, वजनाला हलकी, डिझेल वाचतंय. महाग पडंल, पर एकदाच."

"आन् चेमटली मंग? लोखंडाला कुणीबी वेल्डिंग मारतंय. तुझ्या जर्मलला जोड द्यायला पार चाकणला न्यायची व्हय?"

"रोज थोडीच चेमटतीया! आन् आप्पा, रंगाची कटकट नाय. खरवडा नाय, रंग नाय, काय नाय."

झालं! इथं आप्पा उठून चालते व्हायचे. डिझेलवर ते तासभर वाद घालायचे, पण ही रंगाची कटकट त्यांच्या काळजाला लागायची. पोराला काय ठाऊक ती कटकट म्हणजे काय होती!

आप्पा ऐन तरणे होते तेव्हाची गोष्ट. वस्तीकडं स्वतःचं वाहन नव्हतं. जयंतीला बाबासाहेबांचा फोटो मिरवायचा, तर गावातल्या एकूण एक ट्रॉलीला नेमकं त्याच दिवशी काम निघायचं. कुणाचं शेणखत वाहायचं असायचं, कुणाचं चाक बसलेलं असायचं. सगळे गोड बोलायचे आणि ट्रॉली कुणीच द्यायचं नाही. एका वर्षी आप्पांचं डोकंच फिरलं. त्यांनी मंचरहून भाड्याच्या ट्रॅक्टरमागं एक जुनी ट्रॉली आणली. रंग असा नव्हताच तिला, नखशिखांत तांबडा गंज. आप्पांचा जोडीदार सावळेराम तेव्हा म्हणालाही, "तुळश्या, ही ट्रॉली हाये का भंगार?"

पण जयंतीआधीच्या रविवारी अख्खी वस्ती अंगणात उतरली. तारेचे ब्रश दोनच, म्हणून बायकांनी विटेचे तुकडे घेतले, पोरांनी कौलाची खापरं घेतली. खरवड खरवड खरवडलं. आप्पांच्या नव्या नवरीनं, म्हणजे केशरबाईनं, पदर खोचून तळाला हात घातला, तर तिचं नवं लुगडं तांबडं होऊन गेलं. आप्पांची आत्या गोजरबाई फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्यावर, बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. संध्याकाळी निळा रंग चढला. जयंतीला गोजरआत्या त्याच फाळक्याला धरून उभी राहिली आणि मिरवणूक भर गावात आल्यावर ढसाढसा रडली. आपल्या ट्रॉलीत उभी होती ना बाई!

तेव्हापासून दर वर्षी जयंतीआधीचा रविवार याच ट्रॉलीच्या गंजाचा. धुकं पावसाळाभर आपलं काम इमानेइतबारे करायचं आणि वस्ती त्या एका दिवसात ते खरवडून काढायची. ब्रश मारता मारता सोयरिकी जुळल्या. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका फाळक्याशी बसून बोलते झाले. गंज होता म्हणून माणसं येत होती. आता जी ट्रॉली गंजतच नाही, तिच्यापाशी माणूस कशाला येईल?

हे पोराला समजावून सांगणं काही आप्पांना जमेना. शेवटी, जयंती तोंडावर आली तशी, त्यांनी पैजच लावली. "ह्या रविवारी माणसं आली तर लोखंडी. नाय आली तर तुझी जर्मल."

"पक्कं?"

"पक्कं."

रविवारी आप्पा उजाडायच्या आत उठले. ब्रश, पॉलिश पेपर, निळ्या रंगाचा डबा, सगळं ओट्यावर मांडलं. केशरबाईनं मोठ्या पातेल्यात पोहे भिजवले. पातेलंही नेहमीचंच काढलं, जयंतीचं.

ऊन चढलं तसा सावळेराम आला, काठी टेकत. बस! पाठोपाठ कुणी नाही. आले ते मोबाइलवर. वस्तीच्या ग्रुपवर निळ्या बदामांची नुसती बरसात. 'जय भीम आप्पा, ओव्हरटाइम आहे.' 'आप्पा, पोरीची परीक्षा.' एकानं तर मायेनं लिहिलं, 'स्प्रेवाला पाठवतो, तासात काम होईल, तुम्ही दगदग करू नका.'

"आरं, स्प्रेवाला नको मला!" आप्पा मोबाइलवरच ओरडले. "तुमी पायजे, तुमी!"

ओरडले आणि मोबाइल ओट्यावर पालथा घातला. कुणावर चिडायचं? पोरांनी शिकावं, नोकरीला लागावं म्हणून याच अंगणात बसून सगळ्यांनी जीव टाकला होता. पोरं शिकली, चाकणला गेली, पुण्याला गेली. जे मागितलं तेच मिळालं होतं. तरी आप्पांना भडभडून आलं.

आता पोरगा हसणार, असं त्यांना वाटलं. पैज जिंकला होता ना! पण संघर्षनं पँट दुमडली, ब्रश उचलला आणि तो सरळ ट्रॉलीखाली शिरला. सावळेराम खुर्चीत बसून "हिकडं राहिलं, तिकडं राहिलं" करत राहिला आणि पोहे खाऊन तिथंच पेंगला. बाप एका टोकाला, लेक एका टोकाला. दुपार कलली तरी अर्धी ट्रॉली व्हायची होती. तळाच्या एका कोपऱ्यात तर ब्रश पत्र्यातून आरपार गेला.

संघर्ष खालून बाहेर आला. पापण्यांवर गंज, ओठांवर गंज.

"आप्पा," तो म्हणाला, "लोखंडीच घेऊ."

"आं?"

"लोखंडीच. कुणी येऊ नायतर नको येऊ, दर साली मी खरवडीन. शब्द देतो."

 महिनाभर हेच तर ऐकायचं होतं आप्पांना.  हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर त्या रिकाम्या अंगणावर गेली.

"नको," ते म्हणाले.

"का?"

"मला ह्यो गंज कदी जड गेला नाय, बाळा. कारण मी एकटा नव्हतो. माज्या बाजूला सारी वस्ती व्हती. तू एकटा हितं खरवडत बसशील, आन् मला शिव्याबी घालणार नायस, येवढा गुणाचा हायेस. न्हाई. तुज्या गळ्यात गंज बांधून मी नाय मरायचो. जर्मलचीच आण."

"आन् ह्यो रविवार, आप्पा?"

आप्पांनी रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, पोराच्या हातात दिला.

"ह्यो शेवटचा. नीट रंगव. कडा सोडू नको."

आणि महिनाभर जर्मल जर्मल करून घर डोक्यावर घेतलेला तो पोरगा ब्रश घेऊन पुन्हा ट्रॉलीखाली शिरला, आणि तिथं, बापाला दिसणार नाही अशा बेतानं, हमसून हमसून रडायला लागला.