आंबट रक्त

चौलच्या दत्तात्रेयाचं पोट कित्येक वर्षं जळत होतं. नारळ-सुपारीची वाडी होती, घरात कशाला कमी नव्हतं. पण जेवण उतरलं की छातीत आग आणि तोंडात आंबट पाणी. एकोणीसशे बत्तीसच्या उन्हाळ्यात मुंबईला सुपारी घेऊन गेला, तेव्हा निसर्गोपचार करणारे एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "भात, डाळ, मासळी, चहा, पाव, या सगळ्यानं रक्तात आम्ल वाढतं. भाज्या, फळं नि शहाळं, एवढ्यावर राहा." तो राहिला. पावसाळा संपेस्तोवर जळजळ गेली, अंगावर तजेला आला. मग मात्र त्यानं या पथ्याचं वेडच घेतलं. कुणाचं डोकं दुखो की गुडघे, "रक्त आंबलंय तुझं," हे ठरलेलं. लोक हसायचे, पण एकदोघांना गुणही आला होता.

मार्गशीर्षात त्याची बायको गोदू बाळंत झाली. मुलगी झाली. गोदूचा चेहरा पिवळा पडला, विहिरीपर्यंत गेली तरी धाप लागे. दत्तात्रेयानं तिचा भात बंद केला, मासळी बंद केली. उकडलेला दुधी, केळी आणि शहाळ्याचं पाणी.

रेवसहून तिची आई नीराबाई मुडदुश्यांचं सार घेऊन आली. मऊ, बारीक मासळी. बाळंतिणीला तीच देतात. दत्तात्रेय उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"मामी, ते आत नेऊ नका. तिला ते विष आहे."

"जावईबापू, तिची नखं बघा, पांढरी फटक. पोरीच्या अंगात रगत न्हाय."

"रक्त आहे. आंबलंय ते. मी स्वतः यातून गेलोय."

आतून गोदूच म्हणाली, "आये, राहू दे. त्यांचं पोट बरं झालेलं मी बघितलंय. माझंबी व्हईल."

त्या शब्दांनी दत्तात्रेयाला मोठा धीर आला.

पौषात तिच्या पायांना सूज आली, दूध आटलं. तेव्हा त्यानं अलिबागहून डॉक्टर आणला. डॉक्टरनं तिची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "काय खाते ही?" दत्तात्रेयानं सांगितलं, आपलं पोट कसं बरं झालं तेही. डॉक्टरनं तिच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं.

"तुमचा आजार पोटाचा होता. हिचा तो नाही. कलेजी, अंडी, मासे, जे मिळेल ते द्या. आजच द्या."

दत्तात्रेय धावतच बाजारात गेला. मासळी आणून स्वतः चुलीपुढे बसला, सार केलं, वाटी तिच्या ओठांना लावली. एक घोट कसाबसा गेला, दुसरा हनुवटीवरून ओघळला.

"चव चांगली आलीय," गोदू त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

अमावास्येच्या आत ती गेली.

बारावं झाल्यावर नीराबाई नातीला न्यायला आली. भांडली नाही, रडलीही नाही. दत्तात्रेय बैलगाडीपर्यंत पोचवायला गेला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "तिला खायला काय घालाल?"

नीराबाईनं पोरीला पदराखाली घेतलं. "गाडी हाक रे," ती गाडीवानाला म्हणाली.

पोर तग धरून आहे, एवढं त्याला शिमग्याच्या सुमारास दुसऱ्यांकडून कळलं.