या नाताळला कुणी कुणाला काही देऊ नये

लोखंडाच्या खाणीने त्या वर्षी निम्मी माणसं घरी बसवली, तेव्हा मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या त्या गावात सगळ्यांनीच हात आखडता घेतला. मार्लिसला मात्र ते नव्याने शिकावं लागलं नाही. ती दक्षिणेकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, आठ भावंडांत वाढलेली. नाताळच्या पुडक्यांचा कागद ती कुणाला फाडू द्यायची नाही. मुलं पुडकं उघडायला बसली की ही सुरी घेऊन चिकटपट्टी सोडवायला हजर. मग त्या कागदाला उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवून तो पलंगाखाली सपाट ठेवायचा. झाडावर टांगायचे काचेचे गोळे ती नाताळ उलटून गेल्यावर घ्यायची, निम्म्या किमतीत. नवरा व्हर्न चारचौघांत म्हणायचा, "आमच्या बाईला सांगितलं तर ती बर्फसुद्धा उन्हाळ्यात स्वस्तात घेऊन ठेवील." सगळे हसायचे, आणि मार्लिसला ते आवडायचं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सगळे नणंदेकडे, आयरीनकडे जेवायला जमले होते. आयरीनच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. जेवण झाल्यावर मार्लिसने विषय काढला.

"मी म्हणते, या नाताळला कुणी कुणाला काही देऊच नये. मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याला घरातलंच काहीतरी. जॅम, लोणचं. मुलांना एकेक लहानसं खेळणं, तेही पेपरातल्या चित्रकथांच्या पानात गुंडाळून. झाडाला लाह्यांच्या माळा. बस्स."

आयरीनने सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरं झालं बाई, तूच बोललीस. मला कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

मार्लिसने तिच्या हातावर हात ठेवला. आपण आयरीनसाठी बोललो असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं. पण व्हर्नची नोकरी शाबूत होती, फक्त जादा कामाचे पैसे बंद झाले होते. आणि हरणाचं मांस ठेवायला मोठा फ्रीजर घ्यायचं तिच्या मनात उन्हाळ्यापासून घोळत होतं, हेही तिला ठाऊक होतं.

टेबलाच्या टोकाला तिची सासू बसली होती. ती फिनलंडहून लहानपणी आलेली. नाव औने, पण सगळं घर तिला मम्मू, म्हणजे आजी, म्हणे. ती हलकेच म्हणाली, "मी काही विकत आणत नाही. माझं आपलं विणकाम असतं..."

"नको मम्मू," मार्लिस म्हणाली. "नियम म्हणजे नियम, तुम्हालासुद्धा. लोकर काय फुकट मिळते? आणि खरं सांगू का, मुलं आता घरी विणलेलं घालत नाहीत हो. गेल्या वर्षीचे दोन्ही स्वेटर तसेच कपाटात पडलेत. कशाला डोळे फोडून घेता?"

व्हर्नने मान वर करून बायकोकडे पाहिलं. मम्मूने टेबलावरचे पावाचे कण एका हाताने दुसऱ्या तळव्यात गोळा केले. "बरं," ती म्हणाली. फिन लोकांचं 'बरं' म्हणजे होकार असतोच असं नाही, हे मार्लिसला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. तिला वाटलं, झालं, पटलं म्हातारीला.

डिसेंबरच्या सुरुवातीला लुथरन चर्चच्या तळघरात दरवर्षीसारखी विक्री भरली. बायकांनी केलेले पाव, मेणबत्त्या, गोधड्या, लोकरीच्या वस्तू. मार्लिस दार उघडायच्या आधीच बाहेर बर्फात उभी होती, पण आत गेल्यावर आधी तिला जुन्या सजावटीच्या खोक्याने अडवलं. काचेच्या गोळ्यांवरून घासाघीस करण्यात बराच वेळ गेला. मग ती लोकरीच्या टेबलाकडे वळली. तिथे एक निळा स्वेटर होता, छातीवर पांढऱ्या लोकरीत 'के' अक्षर. विण इतकी घट्ट की वारा आत शिरायचा नाही. तिच्या धाकट्या मुलाच्या, कर्टच्या अगदी मापाचा, आणि किंमत काहीच्या काहीच कमी. मार्लिसला वाटलं, काय नशीब आहे! नियमात बसेल का? चर्चला दिलेले पैसे म्हणजे दानच की. तिने पैसे दिले आणि स्वेटर काखेत मारला.

मग तिला लाल टोपी दिसली. कडेला 'आर'. तिच्या मुलीचा, रोंडाचा आर. टोपीखाली आणखी घड्या होत्या. व्हर्नच्या रुंद खांद्यांचा राखाडी स्वेटर, आयरीनच्या घरच्या सगळ्यांचे हातमोजे, प्रत्येकाच्या मनगटावर अक्षर. मार्लिसने काखेतला निळा स्वेटर काढून पुन्हा उलगडून पाहिला.

टेबलामागे हिल्मा बसली होती, मम्मूची शेजारीण. ती म्हणाली, "सुंदर आहेत ना? औनेनं आणून दिलेत. घरी कुणाला लागत नाहीत म्हणाली. अगं, मार्चपासून विणत होती ती. बोटं सुजली तरी विणायची. मी म्हटलं, औने, तुझ्या नातवंडांची अक्षरं आहेत ह्यावर! तर म्हणते, जगात काय दुसऱ्या कुणाचं नाव के वरून नसतं?"

मार्लिस एकेक घडी उलटून अक्षरं बघत राहिली. मग हिल्माच पुढे म्हणाली, "आणि तुझा बघितला नाहीस ना? डाळिंबी रंगाचा, पुढे बटणं, खिशावर बारीकसं एम. सगळ्यांत नाजूक विण त्याचीच होती. तुझ्या मापाचा कसा काढावा म्हणून माझ्या सुनेच्या अंगाला लावून बघायची. तुझ्यासारखीच आहे ना ती बारीक."

"कुठाय तो?"

"गेला की. अगदी सुरुवातीलाच. कुणी परगावची बाई होती, मी ओळखलं नाही."

मम्मूने अकरा वर्षांत मार्लिससाठी कधी काही विणलं नव्हतं. मुलांसाठी, व्हर्नसाठी, आयरीनसाठी, पण परक्या भागातून आलेल्या या सुनेसाठी नाही. मार्लिसने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं, निदान तसं दाखवलं नव्हतं. आणि ती तिकडे काचेच्या गोळ्यांचा भाव पाडत असताना तो स्वेटर टेबलावरून गेला होता.

तिने उरलेलं सगळं विकत घेतलं. एरवी भाव करणारी मार्लिस तोंडातून चकार शब्द न काढता पैसे देते आहे हे पाहून हिल्माच्या भुवया वर गेल्या.

ती पिशवी मोटारीच्या डिकीत तीन आठवडे पडून राहिली. मार्लिस रोज ठरवायची, आज व्हर्नला सांगू. व्हर्न कामावरून यायचा, बूट काढायचा, आणि तिचा धीर सुटायचा. मुलं लाह्यांच्या माळा ओवायला बसली की तिला त्या गाठी मारणाऱ्या चिमुकल्या बोटांत मम्मूची सुजलेली बोटं दिसायची. तिने कपाटातले गेल्या वर्षीचे स्वेटर काढून पाहिले. मुलं ते घालत नव्हती कारण ते आखूड झाले होते. दोघांनी ते वर्षभर घालून कोपरं झिजवली होती. हे तिला माहीत होतं. तरी त्या दिवशी ती तसं बोलून गेली होती, कारण बोलणं पटकन संपवायचं होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी सगळे दुपारीच मम्मूकडे गेले. आधी पुरुषांचा सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीतली वाफेची अंघोळ, मग बायकांचा, मग मासे, बटाटे आणि तांदळाची खीर. भेटींची वेळ झाली तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी भराभर उघडली गेली. मम्मूच्या वाट्याला जॅमची बरणी आली. तिने "छान आहे" म्हणून ती शेजारी ठेवली आणि हात मांडीवर घेतले. एरवी नाताळला ते हात कधी रिकामे नसत. कुणाच्या अंगावर स्वेटर चढव, कुणाची बाही ओढून बघ, असं चाललेलं असे. मार्लिसला ते मांडीवरचे हात बघवेनात. ती उठली, कोट न घालताच बाहेर गेली आणि पिशवी घेऊन आली.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली, आणि पिशवीतलं सगळं मम्मूच्या पायाशी ठेवलं. "मी हे चर्चमधून परत आणलं. मम्मू, मी त्या दिवशी खोटं बोलले. मुलांनी स्वेटर घातले होते. झिजेपर्यंत घातले होते. आणि तो नियम मी आयरीनसाठी केला नव्हता, मला फ्रीजर हवा होता."

आयरीन तिच्याकडे बघत राहिली. व्हर्नने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे.

मम्मू चिडली. खरोखर चिडली. "पैसे दिलेस? माझ्याच लोकरीला?"

"हो."

"डोकं आहे का ठिकाणावर? एकदा लोकरीला पैसे गेले, एकदा तुझे. आणि हिल्माला काय वाटलं असेल? औनेनं चर्चला दिलं आणि मग सुनेला पाठवून मागे घेतलं! मी दिलेलं परत घेत नाही."

"हिल्माला सगळं कळलंय, मम्मू. ती तुम्हाला काही म्हणायची नाही. म्हणायचं ते मलाच म्हणेल."

मम्मूने पायाशी ठेवलेल्या लोकरीला हात लावला नाही. कर्टने मात्र वाट पाहिली नाही. त्याने निळा स्वेटर डोक्यातून घातला आणि बाहीत हात अडकवून धडपडू लागला. "मम्मू, माझा हात कुठाय?" तेव्हा म्हातारी पुढे वाकली आणि बाही सरळ केली. मग रोंडाची टोपी. मग व्हर्नला म्हणाली, "उभा राहा, पाठ बघू दे." आयरीनच्या घरची मंडळी आपापली अक्षरं शोधू लागली, आणि खोलीत पुन्हा आवाज झाला.

भांडी घासायला मार्लिस आणि मम्मू दोघीच उरल्या. मार्लिस घासत होती, मम्मू पुसत होती.

"एमचा मिळाला नाही मला," मार्लिस खाली बघत म्हणाली. "आधीच गेला होता."

मम्मूने ताटली पुसून फडताळात ठेवली. "तो तुझा नव्हता. माझ्या बहिणीचा होता. मार्ताचा."

मार्ता डुलुथ शहरातल्या वृद्धाश्रमात होती. चांगली जाडजूड बाई, मार्लिसच्या दुप्पट. तो स्वेटर तिच्या एका दंडातही गेला नसता, आणि माप कुणाच्या अंगावर घेतलं होतं ते हिल्माने सांगितलंच होतं. मम्मू खोटं बोलत होती हे मार्लिसला कळलं. पण आपल्याला कमी लागावं म्हणून बोलली की जास्त लागावं म्हणून, ते काही कळेना.

"असं होय," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ती स्वतः म्हातारीशी खोटं बोलली होती, आता तिला म्हातारीला धरायचा हक्क नव्हता.

"पाणी गार झालंय," मम्मू म्हणाली. "दुसरं घे."

फ्रीजर फेब्रुवारीत आला. पुढच्या नाताळला आयरीननेच फोन करून सांगितलं की नियम पुरे झाला, आणि मार्लिस लगेच हो म्हणाली. मम्मू हात चालले तोवर नातवंडांसाठी विणत राहिली, आणखी सहा हिवाळे. दर वर्षी भेटी उघडताना मार्लिस सुरी बाजूला ठेवून बसायची, मुलं कागद टराटरा फाडायची, आणि मम्मूच्या पिशवीतून शेवटचं पुडकं बाहेर येईपर्यंत तिचा जीव त्या पिशवीत असायचा. तिच्या नावाचं पुडकं यायचं. त्यात कधी कॉफी असायची, कधी हातरुमाल. एकदा चांगलं महागाचं अत्तर निघालं. ती दर वेळी मनापासून आभार मानायची, आणि मम्मू दर वेळी म्हणायची, "बरं."