आसवाची तडकलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी, तडकलेली चिनी मातीची बरणी आहे. देऊळगाव राजाच्या एका परसात पडून असते. भांडी घासायची राख माझ्यात भरतात. हसू नका. एके काळी माझ्यात हबशी जातीच्या काळ्या द्राक्षांचं लालभडक आसव मुरायचं. दारूबंदीचे दिवस होते, म्हणून त्याला दारू म्हणायची कोणाची छाती नव्हती. वैद्याच्या घरचं ते औषध.

शालिग्राम वैद्यांचं पंचक्रोशीत नाव होतं. काम मात्र सगळं त्यांच्या बायकोचं, सत्यभामाबाईंचं. फाल्गुनात जालन्याच्या एसटीनं द्राक्षांची टोपली यायची. दुसऱ्या जातीचा एक मणीसुद्धा त्या त्यात राहू देत नसत. देठ काढून द्राक्षं हातानं कुस्करायच्या, पण बी फुटू द्यायच्या नाहीत. बी फुटली की कडूपणा उतरतो. साली रसातच ठेवायच्या, कारण रंग सालीत असतो. मग गूळ आणि रस आंबावा म्हणून धायटीची फुलं घालून मला गळ्यापर्यंत भुशात पुरायच्या, तोंडावर नुसतं फडकं. रोज सकाळी माझ्या तोंडाशी कान लावायच्या. आत रस खदखदत असला की म्हणायच्या, अजून बोलून राह्यलं. आवाज थांबला की पेटती काडी धरून बघायच्या. काडी विझली, तर रस अजून आंबतोय; विझली नाही, तरच तो गाळून कापडमातीनं, म्हणजे चिखलात बुडवलेल्या फडक्यानं, तोंड बंद. इतक्या वर्षांत त्यांचा कान एकदाही चुकला नाही. वाहवा मात्र वैद्यांची व्हायची.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं, तेव्हा बुलढाण्याला तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं. वैद्यांना पहिलं बक्षीस हवं होतं. आसव जास्त गोड लागावं म्हणून त्यांनी मुरलेल्या रसात वरून गूळ घातला, आणि मी पुन्हा खदखदू लागले. नेमक्या त्याच दिवशी सत्यभामाबाई बाहेर बसल्या. ते चार दिवस त्यांनी माझ्याजवळ यायचं नाही, असा घरचा नेम. अशा बाईची सावली पडली की आसव नासतं म्हणे! चौथ्या दिवशी वैद्य कापडमाती कालवायला बसले, तेव्हा त्या परसदारातून म्हणाल्या,

"अवो, तोंड बांधू नका. वासावरून कळून राह्यलं, ते अजून शांत नाही झालं. उद्या न्हाते अन् कान लावून सांगते. परवा गेलात तरी प्रदर्शन हायेच की."

वैद्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. माझं तोंड घट्ट लिंपून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एसटीत मला मांडीवर घेऊन बसले. वैशाखाचं ऊन, वाटेतले गचके आणि माझ्या पोटात कोंडलेला वारा. किती सोसणार? चिखलीच्या अलीकडे मी तडकले. वैद्यांचं धोतर लाल झालं, सगळी गाडी हसली. खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "तुझी सावली पडली, म्हणून नासलं." तेव्हापासून चार दिवसच काय, सत्यभामाबाईंनी बरणीला कधीच हात लावायचा नाही, असं ठरलं. त्या घरात तेवढाच त्यांचा मान होता, तोही गेला. पुढच्या वर्षी नव्या बरणीतलं आसव आंबलं, त्याच्या पुढच्या वर्षी बुरसलं. वैद्य द्राक्षांना नावं ठेवत राहिले.

परवा राख घ्यायला त्या वाकल्या, आणि सवयीनं त्यांचा कान माझ्या तोंडाशी आला. मग म्हणाल्या, "आता काय बोलशील तू?" आणि मूठभर राख घेऊन भांड्यांकडे गेल्या.

मित्रांनो, बरण्या जपा, आपटू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात परसदारातून कोणी काही सांगत असेल, तर तेव्हाच ऐका. माझ्या सत्यभामाबाईंचं कोणी ऐकलं नाही. आता त्यांना ऐकायला माझ्यात फक्त राख आहे.