फोनवरच्या आवाजाला परखी

नालवाडीच्या पुढे, वस्ती विरळ होते तिथे, ओमप्रकाशजींची डाळ मिल आहे. मिलच्या ऑफिसात एक टेबल, दोन खुर्च्या, एक कूलर आणि एक प्रिंटर. कूलर बंद पडला तर माणसं घाम पुसत काम करतात. प्रिंटर बंद पडला तर मात्र सगळंच अडून बसतं, कारण काटा-पावती त्यातून निघते, गेटपास त्यातून निघतो आणि बिलही त्यातूनच. तुरीच्या हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं आत घालून विचारत राहतात, "बाई, पावती झाली का जी?"

या बाई म्हणजे जया. एकोणीस वर्षं ती या ऑफिसात एकटी काम करत होती. फोन तिनंच उचलायचा, बिलं तिनंच काढायची, चहा तिनंच सांगायचा आणि शेठजींचा रागही तिनंच झेलायचा. पगार म्हणाल तर अकरा हजार. पण ओमप्रकाशजी चार व्यापाऱ्यांपुढे म्हणत, "जयाबाईनं केलं म्हंजे पाह्याची गरज नाई." पगारवाढीऐवजी हे वाक्य मिळत आलं होतं आणि तिनं त्यावरच बरीच वर्षं काढली होती. माणसाला मानाचं एक वाक्य पुरतं, हे मालक लोकांना बरोबर कळतं!

शेठजी वाईट नव्हते, कावलेले होते. गेल्या वर्षभरात तर त्यांनी नियमच करून टाकला होता. "कागद संपला, पेन संपला, शाई संपली, तुमचं तुमी पाहून घेत जा. बारीकसारीक गोष्टी मले इचारू नका. डोकं उठते माझं." हा नियम एकाएकी का निघाला, ते कोणाला कळलं नव्हतं. विचारण्याची सोयच नव्हती.

फाटकावर किसनराव बसायचे. साठी ओलांडलेला माणूस, हातात कायम परखी. परखी म्हणजे लोखंडाची टोकदार पन्हाळी. पोत्यात खुपसली की आतला माल मूठभर बाहेर येतो आणि वर दिसतं तेच आत आहे की खडे-माती, ते कळतं. किसनराव परखी लावल्याशिवाय एकही पोतं आत सोडत नसत. एकदा रोहण्याहून शेठजींच्या सख्ख्या साळ्यानं वीस पोती तूर आणली, तर यांनी वीसच्या वीस पोत्यांना परखी लावली. साळ्याला राग आला नाही. तो शेजारी बसून चहा पीत होता.

मार्चमधला सोमवार होता. खिडकीत दोन ड्रायव्हर उभे आणि टेबलावर फोन वाजत होता.

"नमस्कार मॅडम, मी चंदन बोलतोय, तुमच्या प्रिंटरच्या कंपनीतून. आमच्याकडे तुमची नोंद अपुरी दिसतेय. मशीनच्या मागे एक स्टिकर असेल, त्यावरचा नंबर सांगता का? एकच मिनिट घेतो तुमचं."

जया वाकली, धूळ पुसली, नंबर वाचून दाखवला. त्यानं तिचं नाव विचारलं, तेही सांगितलं. "फार सहकार्य केलंत, जया मॅडम," तो म्हणाला. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. सकाळपासून तिच्याशी गोड बोललेला तो पहिलाच माणूस होता.

गुरुवारी भरदुपारी एक पार्सलवाला आला. पार्सल म्हणजे काही पोतं नव्हे, त्यामुळे किसनरावांनी त्याला अडवलं नाही. घामानं चिंब झालेल्या त्या माणसाला जयानं आधी पाणी दिलं. आपल्याकडे उन्हातून दारी आलेल्याला पाण्याशिवाय कोणी परत पाठवत नाही आणि एकदा पाणी दिलं की त्याच्याशी हुज्जत घालणं जड जातं. त्यानं पुढे केलेल्या कागदावर तिनं सही केली, मिलचा शिक्काही मारला. खोक्यात प्रिंटरच्या शाईचे दोन डबे होते. शेठजींनीच मागवले असतील असं तिला वाटलं. विचारायला ती शेठजींच्या केबिनच्या दारापर्यंत गेलीही, पण आतून फोनवर ओरडणं ऐकू आलं, तशी परत फिरली.

पुढच्या मंगळवारी बिल आलं. दोन डब्यांचे सतरा हजार चारशे! बजाज चौकातला माणूस चारशे रुपयांत शाई भरून द्यायचा. बिलावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मागणी करणार : जया मॅडम.'

तिनं बिलावरच्या नंबरला फोन लावला. आवाज चंदनचाच होता, पण गोडवा ओसरला होता.

"मॅडम, फोनवर तुम्हीच मागणी नोंदवलीत. सही तुमची, शिक्का तुमचा. माल परत घेत नाही आम्ही. शनिवारपर्यंत पैसे आले नाहीत तर नोटीस निघेल, ती थेट मालकांच्या नावानं. मग तुमच्या नोकरीचं काय ते तुम्ही पाहा."

त्यानंतर तो रोज फोन करू लागला, कधी सकाळी, कधी ऐन जेवणाच्या वेळी. फोन वाजला की जयाच्या हातातलं काम सुटायचं. दोनदा काटा-पावतीवर वजन चुकलं, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. ती फार थकली होती. आपल्याला नोटिशीची भीती वाटते की मानाचं ते एक वाक्य गमावण्याची, हेही तिला नीट सांगता आलं नसतं. शेठजी उद्या व्यापाऱ्यांपुढे म्हणतील, जयाबाईचंही पाह्यलं पाहिजे आता!

शेवटी तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. मुलगी आचल नागपूरला नर्सिंगला होती. तिच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी पोस्टात आरडी चालू होती. ती मोडायची, पैसे भरून टाकायचे आणि विषय संपवायचा. फीचं पुढचं पुढे. लबाडी दुसऱ्याची आणि आरडी मोडायची हिची, पण भेदरलेल्या माणसाला असला हिशोब सुचत नाही.

शनिवारी दोन तासांची सुट्टी घेऊन, पासबुक पिशवीत टाकून ती फाटकाशी आली. किसनरावांनी परखी खाली ठेवली.

"जयाबाई, कुठं निघाल्या भर उन्हात?"

"पोस्टात जाऊन येते, काकाजी."

"तब्येत गिब्येत बरी हाये ना? चार दिवस झाले पाहून राह्यलो. फोन वाजला का तुमचं तोंड उतरते."

एवढं कोणी विचारल्याला बरेच दिवस झाले होते. जया फाटकाजवळच्या दगडावर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. नंबर, डबे, सही, धमकी, आरडी. सांगताना रडू आलं, ते तिनं पदरानं पुसलं.

मग किसनराव म्हणाले, "तुमी डबे मांगतले होते काय?"

"नाई जी."

"तुमी चोरी केली काय?"

"नाई."

"मंग चोरावाणी काऊन चालल्या पोस्टात?"

"सही माझी हाये ना, काकाजी. मले इचारायले पाह्यजे होतं."

"हाव, पाह्यजे होतं. थे तुमचं चुकलं, मी नाई म्हनत नाई." किसनरावांनी परखी उचलून तिच्यापुढे धरली. "हे पाहा. शेठजीच्या साळ्याच्या पोत्याले मी हे लावलं का नाई? त्याले राग आला? नाई आला. काऊन का त्याले मालूम हाये, इथं सबनच पोत्याले लागते. खऱ्या मालाले परखीचा राग येत नाई, बाई. अन् फोनवरून कोनी अनोळखी बोलते, त्याले आपन नाव देतो, नंबर देतो, शिक्काबी देतो. परखी कुठं गेली आपली?"

जयाचा हात पिशवीतल्या पासबुकावर गेला.

"अन् आज तुमी पैसे भरले तर तो थांबन काय? ज्या घरी भाकर भेटली त्या घरी कुत्रं रोज येते. चला, शेठजीकडे चला. वरडतीन. वरडू द्या. मी हावो ना संगं."

शेठजी ओरडले नाहीत. जयानं बिल आणि दोन्ही डबे टेबलावर ठेवले, जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिली. मग तिनं वर पाहिलं. शेठजींचा चेहरा पडला होता. ते उठले, लोखंडी कपाटाला किल्ली लावली आणि खालच्या खणातल्या जुन्या फायली बाजूला सारल्या. मागे अगदी तसलेच पाच डबे होते.

"मागच्या वर्षी मले फोन आलता," ते हळू आवाजात म्हणाले. "असाच. म्हने, भाव वाढनार हाये, जुन्या भावात देतो. कामाची गडबड होती, हाव म्हणलं अन् मोकळा झालो. डबे आले त भाव पाहून डोळे पांढरे झाले. एक लावून पाह्यला, कागदावर काळे पट्टे. पैसे देऊन टाकले. दोन महिन्यानं पुन्हा आले डबे, पुन्हा पैसे देले."

"सांगतलं काऊन नाई कोनाले?" किसनरावांनी विचारलं.

"कोनाले सांगू, किसनराव? तुरीचा दाना दाताखाली धरून मी ओल सांगतो. अख्ख्या बाजारात माझं नाव हाये. अन् मले एका पोट्ट्यानं फोनवर गंडवलं, असं सांगू? लोक हसतीन म्हणून कपाटात टाकले. अन् पुन्हा या डब्याचं नाव कोनी माझ्यापुढं काढू नये म्हणून म्हणलं, बारीकसारीक मले इचारू नका."

जयाला आधी हायसं वाटलं आणि पाठोपाठ राग आला. चार दिवसांची उडालेली झोप, चुकलेली वजनं, पिशवीतलं पासबुक, सगळं डोळ्यांपुढे आलं. एकोणीस वर्षांत ती शेठजींना उलटून बोलली नव्हती. आज बोलली.

"शेठजी, तुमी तवा एक शब्द सांगतला असता, त मी तो नंबर वाचून दाखवला नसता. तुमी दोनदा पैसे देले म्हणून त्यानं तिसऱ्यांदा फोन केला. अन् आज मी गुपचूप भरले असते, त उद्या त्यानं आनखी कोनाले तरी धरलं असतं. तुमी लाजेनं लपवलं, मी भेवानं लपवून राह्यली होती. त्याचं काम आपनच करून राह्यलो."

शेठजी रागावतील असं किसनरावांना वाटलं होतं. पण ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "खरं हाये तुमचं. चूक माझी हाये, जयाबाई."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. शनिवार होता. शेठजी उठू लागले, तशी जया म्हणाली, "मी घेते."

"मॅडम, पैशांचं काय झालं?"

"मागणीचा कागद पाठवा. कोणत्या तारखेला, कोणी, कोणाच्या सहीनं मागणी केली तो."

"मागणी फोनवर झाली. तुमच्यावर केस होईल, कळतंय का?"

"करा केस. आम्ही पण सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार नोंदवतोय. डबे बांधून ठेवलेत. मालकीचा कागद घेऊन या आणि फाटकावरून घेऊन जा. इथून एक रुपया मिळणार नाही."

पलीकडून एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला. जया पाणी प्यायली आणि तिनं खिडकीतल्या ड्रायव्हरची पावती काढून दिली. या वेळी वजन बरोबर होतं.

पण खरी गोष्ट पुढेच घडली. सोमवारी ओमप्रकाशजी त्या पाच डब्यांतला एक पिशवीत घालून बाजारात गेले. चहाच्या टपरीवर रोजचे व्यापारी जमले होते. त्यांनी डबा मधोमध ठेवला आणि आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगितली. कोणी हसलं नाही. तेलघाणीवाले लक्ष्मणराव कपातल्या चहाकडे पाहत म्हणाले, "माझ्याकडं चार पडून हायेत." मग बियाण्याचे दुकानदार अण्णाजी बोलले, त्यांच्या मुलानं घरी न सांगता पैसे भरले होते. एका बाकड्यावर बसून ही माणसं वर्षभर रोज चहा पीत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की मूर्ख आपण एकटेच.

मिलमध्ये आता थोडं बदललं आहे. मशीनचा नंबर फोनवर कोणालाच सांगायचा नाही. न मागवलेल्या पार्सलवर सही करायची नाही. पाणी जरूर द्यायचं, शिक्का नाही. मागवलेल्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी फाटकावर असते आणि चिठ्ठीशी जुळल्याशिवाय किसनराव खोकंही आत सोडत नाहीत. जयाचं काम काही कमी झालेलं नाही, संध्याकाळी पाय तेवढेच दुखतात. पगार दीड हजारानं वाढला, तोही तिनं मागितल्यावर. पण पासबुक तिच्या कपाटात जागच्या जागी आहे.

मंडळी, असा फोन उद्या तुमच्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात येईल. तो गोड बोलेल, घाई करील आणि शेवटी तुमच्या चांगल्या नावाचीच भीती घालील. तेव्हा 'थांबा, विचारून सांगतो' एवढं म्हणा. खरा माणूस थांबतो. आणि फसलात तर लपवू नका. फसण्यात लाज नाही, लाज असेल तर ती फसवणाऱ्याला असू द्या. तुमचं मौन ही त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाची सोय असते. तुम्ही मालक असाल, तर विचारायला आलेल्या माणसावर ओरडू नका. ते ओरडणं कधी ना कधी महागात पडतं.

परवा शेठजी केबिनमध्ये कोणावर तरी फोनवर ओरडत होते. जया दाराशी आली. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"इचारा, जयाबाई."

"कागदाचे दोन गठ्ठे मागवायचे होते."

"मांगवा," ते म्हणाले. आणि ती वळल्यावर पुन्हा म्हणाले, "इचारत जाजा."