चौथी कविता

तोमिए साकाबे ही जपानी कवयित्री. युद्धात नवरा गेला, मग पोटासाठी लॉन्ड्रीत इस्त्री करता करता ती पाच ओळींच्या तांका लिहू लागली. नाव बघून दाद देणाऱ्यांचा तिला भारी राग. म्हणून तिच्या बैठकीत सगळ्यांच्या कविता एकाच कागदावर, बिननावाच्या यायच्या. आधी चर्चा, मग मतं, नावं अगदी शेवटी.

शिवप्रसाद सरांनी तिच्या अनुवादापायी सोळा वर्षं घातली आणि लातुरात तशीच बैठक सुरू केली. आणि वाहवा कुणाची, तर हार्डवेअरच्या दुकानदाराची. अमरेश वर्षापूर्वी आला काय आणि लागोपाठ तीन महिने पहिला ठरला काय. सरांच्या पोटात नुसतं दुखत होतं.

या महिन्याच्या कागदावर चौथी कविता अशी होती:

कुलूप नवं,
कमरेला अजून
जुनीच किल्ली;
विसरलं ते दार,
हात कुठं विसरे

सरांना ती वाचताक्षणी आवडली आणि तिथंच त्यांचं डोकं फिरलं. कुलूप, किल्ली, म्हणजे अमरेशच्याच दुकानातला माल. मग त्यांनी तिची पार सालटी काढली. दुःख उसनं आहे म्हणाले, असल्या माणसानं तराजूच धरावा. अमरेश खाली मान घालून ऐकत होता, ते बघून त्यांना फार बरं वाटलं. त्या कवितेला एकच मत पडलं, तेही अमरेशचं. स्वतःलाच मत देतोय लेकाचा, सर मनात म्हणाले.

"चौथी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी हाय, सर," मागून लक्ष्मम्मा म्हणाली. देगलूरकडची ही विधवा शिवणकाम करायची, पहिल्यांदाच काही लिहून आली होती. "मालक गेले अन् दिरानं घराचं कुलूप बदललं."

अमरेशनं या महिन्यात कविता दिलीच नव्हती.

सरांना आधी हायसं वाटलं. ती अमरेशची नव्हती. मग त्यांची नजर लक्ष्मम्माकडे गेली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"लई चांगलं लिवलंय, अक्का," अमरेश म्हणाला. "फुडच्या महिन्यात बी आणा."

"न्हाई. सरांना कळतंय त्यातलं. मीच उगं लिवलं." तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला.

मला ती अमरेशची वाटली, म्हणून तसं बोललो. एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते सरांच्या ओठांवर आलंही. पण अमरेश समोर बसला होता.

"पाचवी कुणाची?" सरांनी विचारलं.