एका दिवसाचं काम

घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर तीनदा येतो म्हणाला आणि तीनदा आला नाही. तीनदा मी रजा टाकली, तीनदा घर आवरलं आणि तिन्ही वेळा बाबांनी दाढी केली. चौथ्या खेपेला बँकेतल्या बाईंनाच माझी दया आली. म्हणाल्या, तो आला की त्याला काही शोधायला लावू नका. कुलपं उघडी, दिवे चालू, कागद एका फायलीत, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे. तेवढं केलंत तर घराची किंमत त्याच दिवशी आमच्या हातात येते.

त्याच दिवशी यायलाच हवी होती. बाबांनी घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर केलेलं. दादाला त्याचा वाटा हवा होता आणि त्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर घर विकायचं. दादा वाईट नाही, त्याचीही ओढाताण आहे, पण पाच वर्षांत त्याने बाबांना फोनवरच पाहिलंय. मी घरावर कर्ज काढून त्याचा वाटा देणार आणि बाबा आपल्या खाटेवर राहणार, असा माझा बेत. किंमत कमी लागली तर कर्ज कमी मिळणार, आणि मग खेळ खलास. महिनाअखेर परवावर आली होती.

कपाटं मी एकटीने ओढली. पाठ अशी धरली की सकाळी चप्पल घालायलासुद्धा भिंतीचा आधार घ्यावा लागला. बाबांना सांगितलं, तुम्ही एका जागी बसून राहा, तीच मोठी मदत. बाबा जन्मभर गवंडी. हे घरही त्यांनीच सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करून बांधलेलं. एका जागी बसणं त्यांना कधी जमलेलं नाही. मी कागदांच्या झेरॉक्स काढून आणायला बाहेर पडले. परत आले तर व्हॅल्युअर, नेमका आज वेळेच्या आधी येऊन, स्वयंपाकघरात भिंत वाचत उभा होता.

खरंच वाचत होता. भिंतीवर चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर बाबांचं जाड पेन्सिलीचं अक्षर होतं : ‘इथे ओल. दोन दिवसांचं काम.’ सिंकखाली दुसरी : ‘फरशी पोकळ. अर्ध्या दिवसाचं काम.’ कोपऱ्यातल्या खांबावर तिसरी : ‘खांब तिरका. हलवू नये, छत यावर टेकलंय.’ ती ओल झाकायला मी मुद्दाम कॅलेंडर टांगलं होतं. ते बाबांनी नीट गुंडाळून ओट्यावर ठेवलं होतं.

बाबांना बाजूला घेऊन हळू आवाजात जेवढं रागावता येतं तेवढं रागावले. ते शांत होते. कामावर साहेब तपासायला आला की आम्ही दोष आधीच लिहून लावायचो, म्हणाले. दोष काय आणि दुरुस्तीला किती दिवस. मग साहेब शोधत बसत नाही. तुलाच तर लवकर हवं होतं. मी म्हटलं, ती लोकांची घरं होती. त्यावर त्यांनी दोष शोधायला घेतलेला टॉर्च नुसता या हातातून त्या हातात घेतला. मी कपाळाला हात लावून स्टुलावर बसले.

व्हॅल्युअर जाडजूड होता आणि त्याचे गुडघे दुखत होते. त्याचं आजचं हे चौथं घर. तो एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीकडे जायचा, यंत्र लावून माप घ्यायचा, फोटो काढायचा, लिहायचा. सगळे दोष लिहिलेत ना, एवढंच त्याने विचारलं आणि बाबांनी मान हलवली. मग मी न विचारताच मला म्हणाला, लोक झाकाझाक करतात तिथे मला अंदाजाने किंमत कापावी लागते, आणि अंदाज कधी घरवाल्याच्या बाजूने जात नाही. इथे जेवढी दुरुस्ती आहे तेवढीच कापेन. खरं मानावं की नाही, मला कळेना. आशा धरायचाही कंटाळा आला होता.

दीड तासाचं काम चाळीस मिनिटांवर आलं. राहिली बाबांची खोली. व्हॅल्युअर आत गेला आणि थांबला, म्हणून मीही गेले. खिडकीवर चिठ्ठी होती : ‘कडी सैल. एका तासाचं काम.’ आणि एक खाटेच्या डोक्याशी होती : ‘म्हातारा. हलवायला एक दिवस.’

व्हॅल्युअर आपल्या बुटांकडे बघत राहिला. मला आधी रागच आला.

“बाबा, हे काय लिहिलंत?”

“दोष लिहायचा तर सगळा लिहायचा,” बाबा म्हणाले. “वीस वर्षं हप्ते भरशील तू. मी काय वीस वर्षं असणार आहे? माझ्यापायी अडलंय सगळं. विकून टाका, दोघंही सुटाल.”

“आणि तुम्ही कुठे जाल?”

“एका माणसाला जागा ती किती लागते गं.”

गेल्याच महिन्यात बँकेच्या रांगेत माझ्या मनात येऊन गेलं होतं, की विकून टाकावं आणि एकदाचं झोपावं. हे मी कुणापाशी बोलले नव्हते. पण भिंतीतली ओल हात न लावता ओळखणाऱ्या माणसाला माझा चेहरा काय अवघड. तेच मला फार लागलं.

व्हॅल्युअर खाकरला. फॉर्मवर शेवटचा प्रश्न उरलाय म्हणाला : घरात राहतं कोण?

“बाबा आणि मी,” मी म्हटलं. “दोघंही इथेच राहणार आहोत.”

त्याने लिहून घेतलं. मी बाबांच्या कानावरची पेन्सिल काढली, खाटेवर गुडघा टेकला आणि चिठ्ठीतला ‘म्हातारा’ तेवढा ठेवून बाकीचं खोडलं आणि त्यापुढे माझं लिहिलं. बाबांना तेव्हा चष्म्याशिवाय वाचता आलं नाही.

संध्याकाळी बँकेतल्या बाईंचा फोन आला. किंमत पुरली होती, जेमतेम. हप्ते वीस वर्षांचेच होते. मी दादाला कळवलं, फोन उशाशी ठेवला आणि दिवा न लावता पडून राहिले. पलीकडच्या खोलीत बाबा चष्मा लावून, टॉर्च धरून खाटेशी वाकलेले दिसत होते. चिठ्ठीवर आता होतं : ‘म्हातारा तिरका. हलवू नये, छत यावर टेकलंय.’

“तिरका कशाला लिहिलंस?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“दोष लिहायचा तर सगळा लिहायचा,” मी म्हटलं.

चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. तो त्यांनी अंगठ्याने दाबून बसवला.